मुले विचारतील तेव्हा



यहोशवाच्या पुस्तकातला चौथा अध्याय आपल्यापैकी अनेकांनी संडे स्कूलमध्ये शिकवला असेल. इस्राएल लोक यार्देन ओलांडतात, प्रत्येक वंशातला एक माणूस नदीच्या पात्रातून एकेक धोंडा खांद्यावर उचलून आणतो आणि ते बारा धोंडे गिलगालात उभे केले जातात. पदविकेच्या वर्गात मी हा अध्याय शिकले तेव्हा सगळा भर नदी थांबल्याच्या चमत्कारावर होता. वसतिगृहातल्या मुलांबरोबर राहू लागल्यावर माझे लक्ष धोंड्यांकडे गेले. तिथे मुलांना काही पाठ करायला सांगितलेले नाही. धोंडे त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवले आहेत, आणि पुढे कधीतरी मुले त्यांच्याविषयी विचारतील हे गृहीत धरले आहे. त्यांनी विचारल्यावर सांगायचे.

आमच्या वसतिगृहातली मुले डहाणूच्या पूर्वेकडच्या पाड्यांवरची, बहुतेक वारली. सहावी ते आठवीच्या मुलांना दर वर्षी आम्ही इतिहासाच्या अभ्यासासाठी बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेतो. या सहलीसाठी आपण वर्गणी पाठवता, म्हणून तिचा हिशेब आपल्याला द्यायला हवा. पैशांचा हिशेब वार्षिक अहवालात येतोच. मुले काय शिकली आणि आम्ही काय शिकलो, त्याचा हिशेब इथे देते.

पहिले वर्ष फसले, आणि ते माझ्यामुळे फसले. मी चाळीस प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका छापून नेली होती. 'कान्हेरीत किती लेणी आहेत? चैत्यगृह कोणत्या शतकातले? स्तूप म्हणजे काय?' मुले माहितीच्या फलकापुढे दाटीने उभी राहिली आणि उत्तरे उतरवून घेऊ लागली. ज्यांना फलक दिसत नव्हता त्यांनी पुढच्याच्या कागदावरून उतरवले. एकानेही मान वर करून लेण्याकडे पाहिले नाही. आम्ही सकाळच्या लोकलने डहाणू रोडहून निघालो होतो, रात्री परतलो. दुसऱ्या दिवशी मी विचारले, काय पाहिले? उत्तर आले, "माकडं." वनराणी ही छोटी आगगाडीही त्यांना नीट आठवत होती. सातवाहन मात्र कागदावरच राहिले.

पुढच्या वर्षी मी प्रश्नपत्रिका नेली नाही. त्याऐवजी सहलीच्या आठ दिवस आधी एका पाथरवटाला वसतिगृहावर बोलावले. त्याने काळ्या पाषाणाचा एक मोठा धोंडा, दोन छिन्न्या आणि हातोडे आणले. प्रत्येक मुलाने पाच पाच मिनिटे घाव घालायचे. दोन तासांत सगळ्यांनी मिळून पाडलेल्या खळग्यात जेमतेम एक लिंबू मावले असते. हात सुजले, एकाच्या बोटाला लागले, पाथरवट हसत होता. नंतर कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, त्या भल्या मोठ्या चैत्यगृहात मुले शिरली, तेव्हा कोणी काही बोलेना. थोड्या वेळाने एक मुलगा खांबाला हात लावून म्हणाला, "ताई, हे सगळं छिन्नीनंच?"

तो पहिला प्रश्न. इतिहासाचा तास तिथे सुरू झाला.

ज्यांनी कान्हेरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. उद्यानाच्या मुख्य दारापासून आत सहा-सात किलोमीटरवर, काळ्या खडकाच्या डोंगरात शंभरहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांची सुरुवात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि पुढे जवळपास हजार वर्षे तिथे कोरीव काम आणि वस्ती चालू होती. कान्हेरी हे नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, यावरून आले. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला लेख आहे. सहावीच्या पुस्तकात सातवाहनांचे नाव येते ते हेच. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून चालणाऱ्या व्यापारावर ही लेणी उभी राहिली. व्यापारी, सोनार, भिक्षुणी अशा कितीतरी लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलेल्या दानाची नोंद भिंतींवर कोरलेली आहे. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी कायमची ठेव ठेवली. तिच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालायचा. मूळ रकमेला हात लावायचा नाही, म्हणून त्या ठेवीला अक्षयनिवी म्हणत. आपल्या शिष्यवृत्ती निधीची घटना लिहिताना आमच्या समितीने तीन बैठका घेतल्या होत्या. ही युक्ती अठराशे वर्षे जुनी आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावातल्या शेताचा उल्लेख आहे. ते आजचे मागाठाणे, जिथे आता बसचा डेपो आहे.

पण आमच्या मुलांना राजा आणि व्यापारी यांच्यापेक्षा पाण्याने धरून ठेवले.

कान्हेरीत लेण्यांच्या माथ्यावर खडकात बारीक चर खोदलेले आहेत. पावसाचे पाणी डोंगरावरून वाहते ते या चरांतून वळवून लेण्याच्या दाराशी खोदलेल्या टाक्यात आणले आहे. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी, आणि वर उतारावर मोठी साठवण. आम्ही जानेवारीत गेलो होतो, तरी पोढ्यांत पाणी होते. शहरातल्या शाळांची मुले टाक्यात डोकावतात, आवाज घुमतो का ते पाहतात आणि पुढे जातात. आमच्या मुलांनी तिथे तासभर काढला. कोणी न सांगता चर कुठून निघतो ते शोधायला दोन मुली खडक चढून वर गेल्या. एकाने टाक्याच्या तोंडाशी असलेली कड दाखवली. पाणी काढताना पाय घसरू नये म्हणून ती ठेवली असावी, असा त्याचा तर्क. त्याची आई मे महिन्यात पहाटे उठून विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरते. त्याच्या तर्काशी वाद घालणारी मी कोण?

वर गेलेल्यांपैकी एक मुलगी खाली आली आणि म्हणाली, "ताई, पाऊस तर आमच्याकडं पण एवढाच पडतो ना?"

मी म्हटले, एवढाच, कदाचित जास्तच.

"मग आमच्याकडं पाणी का नाही राहत?"

मी तिला त्या दिवशी अर्धेच उत्तर देऊ शकले. खडक, उतार, निचरा यांबद्दल सांगितले. उरलेले अर्धे उत्तर देणे अवघड होते. कान्हेरीत कोणीतरी पैसे दिले, कोणीतरी आयुष्यभर चर साफ केले, आणि कोणाला तरी हे काम महत्त्वाचे वाटले. याच जंगलात मुंबईसाठी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये बांधला गेला, कारण मुंबई तहानलेली होती आणि तिचे कोणी ऐकत होते. पाड्यांचे कोण ऐकते? हा प्रश्न इतिहासाचाच आहे, पण तो पुस्तकाच्या कोणत्या धड्यात येतो ते मला सापडलेले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुलीने आपल्या पाड्याचा नकाशा काढला. कोणत्या उतारावरून पाणी कुठे जाते ते बाणांनी दाखवले. तो नकाशा आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर आहे. बंधारा अजून झालेला नाही.

नव्वदाव्या लेण्याविषयी थोडक्यात सांगते. तिथे पहलवी लिपीत पारशी यात्रेकरूंचे लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ चे. ते लोक लेणी पाहायला आले आणि आपली नावे कोरून गेले. "आम्ही नाव कोरलं तर तुम्ही ओरडता," असे लगेच ऐकावे लागले, आणि त्यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. मुलांना गंमत वेगळीच वाटली. डहाणूच्या चिकूच्या वाड्या पारशी आणि इराणी मालकांच्या. यांतल्या निम्म्या मुलांचे आईवडील त्या वाड्यांवर कामाला जातात. 'वाडीवाल्या शेठचे लोक' हजार वर्षांपूर्वीही या बाजूला फिरत होते, हे त्यांना खरेच वाटेना. बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहेत पारशांनी संजाण पडल्यानंतर बारा वर्षे आपला पवित्र अग्नी जपला, असे त्यांची परंपरा सांगते. हा डोंगर आमच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. त्याच्यासाठी बोरिवलीला जायची गरज नव्हती, ते मला बोरिवलीला जाऊन कळले.

आता जे लिहायचे आहे त्याबद्दल मी बराच काळ संकोच केला.

बोरिवलीला पश्चिमेकडे मंडपेश्वर नावाची लेणी आहेत. ती शैव लेणी, साधारण सहाव्या शतकातली. आत नटराजाचे सुंदर शिल्प आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर, वसई आणि साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना, फ्रान्सिस्कन संन्याशांनी या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले आणि वरच्या बाजूला मठ उभारला. काही मूर्तींपुढे भिंत आली, काही गिलाव्याखाली गेल्या. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी जिंकली. आज लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होते, वर मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत आणि एका भिंतीवर खडकात कोरलेला मोठा क्रूस दिसतो.

पहिल्या दोन वर्षी मी मुलांना मंडपेश्वरला नेलेच नाही. वेळ नाही, असे कारण दिले. वेळ होता. आमची लोकल संध्याकाळची असे.

तिसऱ्या वर्षी गेलो. कान्हेरीहून उतरून, डबे खाऊन, दुपारी तीनच्या सुमारास पोहोचलो. मुले आता पाहायला शिकली होती. त्यांनी नटराजाचे हात मोजले, खांब कान्हेरीच्या खांबांपेक्षा कसे वेगळे आहेत ते आपसांत बोलले. मग बाहेर आल्यावर आठवीतल्या एका मुलाने क्रूस पाहिला. तो ख्रिस्ती घरातला. आधी त्याला आनंद झाला, ओळखीचे काही दिसल्यावर होतो तसा. मग तो आत गेला, पुन्हा बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, हे आपल्या लोकांनी केलं?"

भोवती पंचवीस-तीस मुले होती. त्यांतली बहुतेक ख्रिस्ती नाहीत. त्यांच्या घरी हिरवा देव आहे, वाघोबा आहे. पाड्याच्या शिवेवर वाघोबाचा कोरलेला लाकडी किंवा दगडी खांब असतो, त्याला शेंदूर लावतात. ती सगळी माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटले, "हो. चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच येशूवर विश्वास ठेवणाऱ्या माणसांनी हे केलं. दुसऱ्यांची प्रार्थनेची जागा होती, ती त्यांनी घेतली. त्यांच्यामागे राजाचं सैन्य होतं म्हणून त्यांना ती घेता आली."

"चूक केली?"

"मला वाटतं, चूक केली."

एका मुलीने विचारले, "आमचा वाघोबा पण झाकतील?" मी म्हटले, नाही. आणि मग जे म्हटले त्याला मी बांधलेली आहे: वसतिगृहात राहतोस म्हणून कोणीही तुझ्या आजीच्या देवाला हात लावणार नाही, लावला तर तू मला येऊन सांगायचे.

ही गोष्ट मंडळीत सांगितल्यावर एका ज्येष्ठ बंधूंनी मला नंतर बाजूला घेतले. बोलणे प्रेमाचे होते. ते म्हणाले, "आधीच लोक मिशनवर बोट ठेवतात. तुम्ही स्वतःच मुलांच्या हातात दगड कशाला देता?" त्यांची काळजी खोटी नाही. पण मला असे दिसते की तो मुलगा कधी ना कधी मंडपेश्वरला जाणारच होता, किंवा कोणीतरी त्याला मोबाईलवर ते चित्र दाखवणारच होते, आणि तेव्हा सांगणारा कोण असेल त्यावर माझा ताबा नसता. त्याने मला विचारले, हे मी माझे भाग्य समजते. आणि पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांनी तरी यात दचकायचे कारण नाही. दाविदाचे पाप ज्या पुस्तकात लिहिलेले आहे ते त्याच्याच लोकांनी जपले.

परतीच्या लोकलमध्ये विरारनंतर गर्दी कमी झाली, बसायला जागा मिळाली. मुलांना मी म्हटले, आज काय राहिले? कोणाला काय विचारायचे आहे? खिडकीशी बसलेला, दिवसभर एक शब्द न बोललेला सहावीतला एक मुलगा म्हणाला, "तिथं राजे होते, साधू होते, व्यापारी होते, पारशी होते, पोर्तुगीज होते. आमी कुठं होतो?"

जंगल तर तेव्हाही होते. उद्यानाच्या आत आजही वारली आणि कोळी आदिवासींचे पाडे आहेत. कान्हेरीच्या वाटेवरून जाताना ते आम्हाला दिसले होते. मी त्याला एवढेच सांगितले की दगडावर ज्यांची नावे आली त्यांच्याकडे दगड कोरून घ्यायला पैसे होते. त्याने मान हलवली. पण ते काही उत्तर झाले नाही, हे त्यालाही कळले आणि मलाही.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही सहलीचे दोन भाग केले. एक बोरिवलीचा, दुसरा घराजवळचा. घराजवळच्या भागासाठी तिकीट लागत नाही. (बोरिवलीतही लेण्यांमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना भारतीय पुरातत्त्व विभागाचे प्रवेशशुल्क नसते, उद्यानाचे असते. ज्या मंडळ्यांना आपल्या संडे स्कूलची सहल न्यायची असेल त्यांनी सोमवार टाळावा, उद्यान बंद असते. आणि उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राशी आधी बोलून ठेवावे. शाळांच्या गटांना ते जंगलात फिरवतात. आमच्या मुलांनी मात्र वाट दाखवणाऱ्यालाच तीन झाडांची वेगळी नावे शिकवली.)

घराजवळची पहिली जागा तलासरीतले झरी हे गाव. २३ मे १९४५ रोजी तिथे हजारो वारली जमले. सावकार आणि जमीनदार त्यांच्याकडून फुकट राबवून घेत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघे जन्मभर बांधले जात, त्यांना लग्नगडी म्हणत. त्या सभेत वारल्यांनी ठरवले की यापुढे वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर जायचे नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली. गोदावरी परुळेकर या लढ्यात त्यांच्याबरोबर राहिल्या आणि पुढे त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिले; त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परुळेकर कम्युनिस्ट होत्या, आणि आपल्यातल्या काहींना हे नाव या पत्रिकेत वाचून आश्चर्य वाटेल. त्या वेळी वेठ थांबवायला कोण उभे राहिले, हे मुलांना जसे घडले तसे सांगायचे, एवढेच मी ठरवले आहे.

झरीला कान्हेरीसारखे पाहण्याजोगे लेणे नाही. मुले रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसली, मी सांगत होते. कान्हेरीच्या अनुभवावरून मला वाटले होते की दाखवायला काही नसेल तर ती कंटाळतील. एक मुलगा म्हणाला, बारा आणे म्हणजे किती? पंचाहत्तर पैसे, मी म्हटले. दुसऱ्याने विचारले की मालकाने दिले का. तिसरी म्हणाली, "माझ्या बाबाची आजी सांगायची, तिला लग्नात विकली होती." ती हे सहज म्हणाली, पावसाबद्दल बोलावे तसे. विकली होती म्हणजे काय, हे तिलाही तोवर माहीत नव्हते.

त्या दिवशी मुलांनी मिळून एक यादी केली. कोणाच्या पाड्यावर कोण म्हातारे माणूस आहे, ज्याला त्या काळातले काही आठवते किंवा ज्याने आपल्या आईबापांकडून ऐकले आहे. लांबून आल्यासारखे वही काढून बसायचे नाही, असे त्यांनीच ठरवले. शेगडीपाशी बसायचे, लाकडे फोडून द्यायची, आणि आजा-आजी बोलतील ते वारलीतच लिहायचे, मराठीत नाही. वारली बोलीसाठी कोणती अक्षरे वापरायची यावर त्यांचे भांडण झाले आणि अजून मिटलेले नाही.

यादीत अकरा नावे होती. या पावसाळ्यात त्यांतली दोन माणसे गेली. उरलेल्या नऊ जणांकडे दिवाळीच्या सुट्टीत जायचे आहे. एक आजी फार लांब, डोंगरापलीकडच्या पाड्यावर राहते, तिच्याकडे आधी.